गाडी नसलेल्यांचं मतदान

अमेरिकेत, अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये एखादं ठिकाण किती लांब आहे असं विचारलं, की उत्तर मिनिटांत मिळतं. वाचनालय सात मिनिटं, दवाखाना बारा मिनिटं, मतदान केंद्र पाच मिनिटं. ही सगळी मिनिटं गाडीची असतात. पाच मिनिटांवरचं तेच केंद्र पायी गाठायचं तर तास जातो. बसने जायचं तर त्या रस्त्याला बस आहे का, इथपासून चौकशी सुरू करावी लागते.

मी गाडी चालवत नाही. काचबिंदूमुळे दोन्ही बाजूंचं दिसणं कमी झालं आणि किल्ली मुलीच्या हातात दिली. मुलगी इंटेलमध्ये आहे. तिची बदली ओरेगनला, हिल्सबरोला झाली तेव्हा मी इथेच राहायचं ठरवलं. ओळखीची माणसं, डॉक्टर, देऊळ सगळं इथे आहे आणि इथल्या कोरड्या हवेत माझे गुडघे बरे असतात. मी या देशाची नागरिक आहे, मतदार आहे. त्याआधीची माझी सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. शिक्षिका म्हटलं की निवडणुकीची ड्यूटी आलीच. सातपुड्याच्या पाड्यांवरून चालत आलेल्या बायका केंद्राच्या ओसरीवर बसून आधी पाणी मागायच्या, मग चिठ्ठी काढायच्या. त्यामुळे मत देण्यासाठी माणूस किती वाट तुडवतो, हा प्रश्न माझ्या मनात फार जुना आहे. इथे आल्यावर तो माझा स्वतःचा झाला.

आधी या गावाची रचना सांगते, कारण सगळं तिथेच अडतं. अलेक्झांडर जॉन चँडलर नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी इथे जमीन घेतली, कालव्याचं पाणी आणलं आणि 1912 साली भूखंड विकायला काढले. तेव्हा ही सगळी शेती होती. अमेरिकेतल्या जुन्या सरकारी मोजणीप्रमाणे जमीन एकेका मैलाच्या चौकोनात आखलेली होती आणि मोठे रस्ते त्या चौकोनांच्या कडांवरून गेले. रे रोड, चँडलर बुलेव्हार्ड, पेकॉस, जर्मन रोड, क्वीन क्रीक हे पूर्व-पश्चिम जाणारे. डॉब्सन, अल्मा स्कूल, अॅरिझोना अॅव्हेन्यू, मक्वीन, कूपर हे उत्तर-दक्षिण. पुढे शेतं गेली, घरं आली आणि 2020 च्या जनगणनेत गाव पावणेतीन लाखांच्या वर गेलं. चौकोन मात्र तसेच राहिले. प्रत्येक चौकोनात वसाहती आहेत, प्रत्येक वसाहतीभोवती पुरुषभर उंचीची विटांची भिंत आहे आणि त्या भिंतीला एक किंवा दोनच दारं. तुमच्या परसातून जी शाळा दिसते तिथे जायला भिंतीला वळसा घालून, मोठ्या रस्त्यावर येऊन, सहा पदरी चौक ओलांडून जावं लागतं. नकाशावर पाव मैल दिसणारं अंतर पायाखाली मैलभर होतं.

मतदान केंद्रं चर्चच्या सभागृहात, शाळेत, वाचनालयात, कधी एखाद्या रिकाम्या दुकानाच्या गाळ्यात असतात. त्यांच्यापुढे वाहनतळ असतो आणि तो प्रचंड असतो. बसमधून उतरल्यावर दारापर्यंत जायला तो वाहनतळही चालून पार करावा लागतो, हे गाडीवाल्यांच्या ध्यानात येत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. ते दारासमोरच उतरतात.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नोव्हेंबरच्या निवडणुकीला हवा सुरेख असते. पण पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक इथे भर उन्हाळ्यात येते. 2020 मध्ये ती 4 ऑगस्टला होती, 2022 मध्ये 2 ऑगस्टला, 2024 मध्ये 30 जुलैला. आमच्या नगरपरिषदेची निवडणूकही त्याच दिवशी होते, म्हणजे रस्ते, पाणी आणि बस कुठे धावणार हे ज्यांच्या हाती आहे ती माणसं निवडायचा दिवस वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत. 2023 च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता. आपल्या हिशेबाने 43 अंशांच्या पुढे. जळगाव-भुसावळचा उन्हाळा सोसलेली मी, पण इथल्या डांबराची झळ निराळी आहे. थांब्यावरचा धातूचा बाक दुपारी बसण्यासारखा राहत नाही. सावली खांबाएवढीच असते आणि ती सरकत जाते, तसे थांब्यावरचे आम्हीही सरकतो. अशा दिवशी मैलभर चालून मत देऊन या, असं सत्तरीच्या माणसाला सांगणं म्हणजे त्याला घरी बसायला सांगणं.

मेरिकोपा काउंटी म्हणजे आमचा जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 24 हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तोही 17 हजारांच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या मुलखात केंद्रं किती ठेवायची आणि कुठे ठेवायची हे काउंटी ठरवते. 22 मार्च 2016 रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या पक्षीय पसंतीची निवडणूक होती. 2012 साली याच निवडणुकीला 200 केंद्रं होती. 2016 ला ती 60 करण्यात आली. खर्च वाचेल आणि बहुतेक लोक टपालानेच मत देतील, असा काउंटीचा अंदाज होता. लोक पाच पाच तास रांगेत उभे राहिले. संध्याकाळी सातला दार बंद व्हायची वेळ झाली तेव्हाही रांगा इमारतीला वेढून होत्या आणि शेवटची मतं मध्यरात्रीनंतर पडली. फिनिक्सचे तेव्हाचे महापौर ग्रेग स्टँटन यांनी केंद्र सरकारच्या न्याय खात्याकडे चौकशी मागितली. काउंटीच्या निवडणुका सांभाळणाऱ्या तेव्हाच्या काउंटी रेकॉर्डर हेलन पर्सेल त्या खुर्चीवर कित्येक वर्षं होत्या. त्याच नोव्हेंबरात त्या निवडणूक हरल्या.

या घटनेला मागचा एक धागा आहे. 1965 च्या मतदान हक्क कायद्यात अशी तरतूद होती, की ज्या राज्यांचा इतिहास भेदभावाचा आहे त्यांनी केंद्र हलवण्यासारखा बदलसुद्धा आधी वॉशिंग्टनहून मंजूर करून घ्यावा. अॅरिझोना 1975 पासून त्या यादीत होतं. जून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटीच्या खटल्यात ही यादीच निकालात काढली. 2016 ची ती पहिली राष्ट्राध्यक्षीय फेरी होती जिच्यात केंद्रं कमी करताना कुणाला विचारावं लागलं नाही. गाडीवाला माणूस दूरच्या केंद्रावर गेला आणि रांगेत थांबला. ज्याला दोन बस बदलून यायचं आणि शेवटची बस गाठून परतायचं होतं, त्याने काय केलं असेल, त्याची नोंद कुठल्याही रांगेत सापडत नाही, कारण तो रांगेत आलाच नाही.

संशोधकांनी ही न आलेली माणसं मोजायचा प्रयत्न केला आहे. हेन्री ब्रेडी आणि जॉन मॅकनल्टी यांनी लॉस एंजेलिस काउंटीतल्या 2003 च्या निवडणुकीचा अभ्यास केला. तिथेही केंद्रं एकत्र केली होती. ज्यांचं केंद्र बदललं त्यांच्यात केंद्रावरचं मतदान सुमारे तीन टक्क्यांनी घटलं. टपाली मतदान वाढलं, पण जेमतेम सव्वा टक्का. बाकीची मतं विरून गेली. एन्रिको कान्तोनी यांनी 2020 साली मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटातल्या गावांवरून दाखवलं, की अंतर पाव मैलाने वाढलं तरी मतं दोन ते पाच टक्क्यांनी कमी होतात. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. गाडीत बसलेल्याला ते कळतही नाही.

2016 नंतर काउंटीने एक फार चांगली गोष्ट केली, ती मनापासून सांगते. पूर्वी प्रत्येकाचं केंद्र ठरलेलं असे आणि चुकून दुसऱ्याच केंद्रावर गेलात तर तुमचं मत मोजलंच जात नसे. आता काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. आत गेलं की छोट्या पडद्यावर ओळखपत्र दाखवायचं, नाव-पत्ता तपासायचा आणि तुमच्या पत्त्याला लागू असलेली मतपत्रिका तिथल्या तिथे छापून हातात मिळते. 2024 च्या नोव्हेंबरला अशी 246 केंद्रं होती. काउंटीच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी असते आणि कुठे किती वेळ थांबावं लागेल तेही दिसतं.

गाडी नसणाऱ्याला याचा उपयोग कसा होतो हे मला दोन-तीन निवडणुकांनंतर नीट उमगलं, आणि आता मी ते भेटेल त्याला सांगते. सगळ्यात जवळचं केंद्र शोधायचं नाही. आपल्या बसच्या रस्त्यावरचं केंद्र शोधायचं. माझ्या घराजवळून अल्मा स्कूल रस्त्याची 104 क्रमांकाची बस जाते आणि चौकातून चँडलर बुलेव्हार्डची 156. घरापासून सरळ रेषेत सगळ्यात जवळ असलेलं केंद्र या दोन्ही रस्त्यांपासून आत, वसाहतीत होतं. चार मैलांवरचं दुसरं एक 104 च्याच थांब्यासमोर होतं. माझ्यासाठी तेच जवळचं. बस बदलायची नाही, उतरल्यावर रस्ता ओलांडायचा नाही. वयाच्या 65 नंतर तिकीट अर्धं पडतं. चालकाला काठी दिसली की तो बस थांब्याच्या बाजूला झुकवतो आणि पायरी फुटपाथाला टेकते. यादी जाहीर झाली की मी बसचा नकाशा शेजारी ठेवून बसते आणि केंद्रांवर पेन्सिलने खुणा करते. मग त्याच खुणा फोनवरून इथल्या मराठी मंडळातल्या आणखी चौघींना सांगते. त्यातल्या दोघी मुलांकडे राहतात, घरात गाड्या तीन आहेत, पण मंगळवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात त्या तिन्ही गाड्या कामावर असतात.

दक्षिण चँडलरच्या लोकांची अडचण मोठी आहे. पेकॉस रस्त्याच्या खाली बस विरळ होत जाते. तिथे 2022 च्या उन्हाळ्यात गावाने चँडलर फ्लेक्स नावाची सेवा सुरू केली. फोनवरून किंवा अॅपवरून बोलावलं की छोटी व्हॅन जवळच्या कोपऱ्यावर येते, भाडं दोन डॉलर. आपल्याकडच्या वडाप जीपमध्ये बसलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटेल, फक्त इथे कुणी टपावर बसत नाही. ती ठरलेल्या हद्दीतच धावते, म्हणून केंद्रही त्याच हद्दीतलं निवडावं लागतं. अपंगांसाठी आणि ज्येष्ठांसाठी व्हॅली मेट्रो या इथल्या बससेवेच्या वेगळ्या सोयी आहेत, पण त्यांची पात्रता आधी ठरवून घ्यावी लागते. निवडणुकीच्या आठवड्यात अर्ज केला तर उपयोग नाही.

आणि हो, विनाचालक गाड्या सामान्य प्रवाशांसाठी जगात सगळ्यात आधी जिथे सुरू झाल्या, त्या गावांपैकी हे एक. वेमो कंपनीची सेवा 2018 च्या डिसेंबरात चँडलर आणि शेजारच्या गावांत सुरू झाली, आणि ऑक्टोबर 2020 पासून चालकाच्या जागेवर कुणीच नसलेली गाडी सामान्य माणसाला बोलावता येऊ लागली. मी तिने गेले आहे. स्टिअरिंग आपोआप फिरताना पाहून माझ्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता. गाडी थेट दारापाशी सोडते ही मोठीच सोय आहे. पण बसच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि हातात स्मार्टफोन व कार्ड हवं. ज्यांना मत देण्यासाठी वाहनाची खरी गरज असते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे यातलं काहीतरी नसतं.

आता टपालाचं. अॅरिझोनात 1991 पासून कुणालाही कारण न देता आधी मत देता येतं. बहुसंख्य लोक तसंच करतात. मतदानाच्या 27 दिवस आधी मतपत्रिका घरी यायला सुरुवात होते. 2024 ची आमची मतपत्रिका दोन लांब कागदांची होती, दोन्ही बाजूंनी छापलेली. राष्ट्राध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंत उमेदवार, न्यायाधीशांना ठेवायचं की काढायचं हा कौल, आणि राज्याचे 13 प्रस्ताव. भिंग घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा घेत घेत मी ते दोन संध्याकाळी वाचलं. केंद्रावर मागे माणसं उभी असताना माझ्या डोळ्यांना ते झालं नसतं. भरलेली पत्रिका हिरव्या लिफाफ्यात घालायची, बाहेर सही करायची. टपाल खर्च काउंटीचा. सही त्यांच्याकडच्या जुन्या सहीशी ताडून पाहतात. माझी सही मराठीत आहे, नोंदणीच्या अर्जावरही मराठीतच केली होती. एकदा मला काउंटीतून फोन आला. सही नीट जुळत नाही, ही तुमचीच ना, असं त्या बाईने अदबीने विचारलं. हात आता थरथरतो, असं मी सांगितलं. तिने खातरजमा करून घेतली आणि मत मोजलं गेलं.

लिफाफा मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत काउंटीच्या हाती पडला पाहिजे. त्या दिवशी टपालात टाकला, शिक्का बसला, हे चालत नाही. म्हणून निदान आठवडाभर आधी तो पेटीत पडायला हवा. आणि उशीर झाला, की गाडी नसलेल्या माणसाचा प्रश्न पुन्हा तोच. लिफाफा केंद्रावर किंवा मतपेटीत नेऊन टाकायचा, पण कसा?

इथे राज्याचा एक कायदा आडवा येतो. 2016 साली अॅरिझोनाने दुसऱ्याची भरलेली मतपत्रिका नेणं गुन्हा ठरवलं. घरातलं माणूस, नातेवाईक किंवा शुश्रूषा करणारी व्यक्ती एवढ्यांनाच मुभा आहे. मेक्सिकोच्या सीमेवरच्या सान लुईस गावात घरोघर टपाल येत नाही, सगळ्यांना टपाल कार्यालयात जावं लागतं. तिथे एकमेकांचे लिफाफे नेऊन देणं ही जुनी रीत होती. त्या गावच्या माजी महापौर बाईंना ऑगस्ट 2020 मधल्या चार मतपत्रिकांसाठी 30 दिवस तुरुंगात जावं लागलं. हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1 जुलै 2021 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं, की अॅरिझोनाच्या ग्रामीण काउंट्यांमध्ये घरी टपाल मिळणाऱ्या मूलनिवासी मतदारांचं प्रमाण 18 टक्के आहे आणि गोऱ्या मतदारांचं 86 टक्के.

माझ्या शेजारची बाई मूळची सोनोराकडची. आम्ही एकमेकींच्या दारात पुरणपोळ्या आणि तामालेस ठेवतो. मी आजारी असताना तिने माझी औषधं आणली, माझं भाडं भरलं. तिने मला गाडीत बसवून केंद्रावर नेलं तर ते कायद्याने पूर्ण चालतं. मी घरीच राहिले आणि तिने माझा बंद लिफाफा नेला तर ती गुन्हेगार. मतांचा गैरव्यवहार टाळण्याची काळजी मला समजते. निवडणूक ड्यूटीवर सील आणि सह्या यांत आमची रात्र जायची, ती उगाच नाही. पण एकट्या राहणाऱ्या, गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला जवळचं कोण असतं? माझी मुलगी दोन राज्यं पलीकडे आहे आणि कायद्याच्या यादीत ती बसते. शेजारीण भिंतीपलीकडे आहे आणि ती बसत नाही. माझ्या मते मतदाराने स्वतः लिहून दिलेल्या एका शेजाऱ्याला एक लिफाफा नेण्याची मुभा असायला हवी.

गाडीतून नेण्याबाबत मात्र आपल्याकडे अगदी उलट आहे, आणि ते ऐकून इथले लोक चकित होतात. आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(5) प्रमाणे उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनातून केंद्रावर नेणं हा भ्रष्टाचार आहे. त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. सार्वजनिक वाहनाने स्वखर्चाने यायला हरकत नाही. मतदारांनी मिळून, स्वतःच्या खर्चाने, यंत्रावर न चालणारं वाहन भाड्याने केलं तरी चालतं. म्हणजे बैलगाडी किंवा होडी. ज्या काळात जीप फक्त मोठ्या असामींकडे असे, त्या काळात गरिबाच्या मतावर जीपवाल्याचा हक्क चढू नये म्हणून केलेली ही सोय. इथे पक्ष, चर्च, विद्यार्थ्यांच्या संघटना उघडपणे गाड्या काढतात. लिफ्ट नावाच्या टॅक्सी कंपनीने 2018 आणि 2020 साली मतदानाच्या दिवशी अर्ध्या भाड्याची सवलत दिली होती. अट एवढीच की नेण्याच्या बदल्यात मत मागायचं नाही आणि केंद्राच्या 75 फुटांच्या आत प्रचार करायचा नाही. आमच्या मंडळातली तरुण मुलं आता निवडणुकीच्या दिवशी फेऱ्या करतात. "काकू, किती वाजता येऊ?" एवढंच विचारतात. मतदान कुणाला, हा विषय गाडीत निघत नाही, आणि मला त्या मुलांचं याबद्दल फार कौतुक आहे.

फुकट वाहन नको, तर केंद्रच जवळ आणायचं, हा आपल्याकडचा मार्ग. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, हा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. 2024 च्या विधानसभेला महाराष्ट्रात एक लाखाच्या वर केंद्रं होती. राज्यातला पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा. तिथे नर्मदेकाठच्या मणिबेलीला आमचे सहकारी यंत्रं घेऊन पाण्यातून गेलेले आहेत. गडचिरोलीत कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने उतरवतात. सातपुड्यात दोन किलोमीटर म्हणजे कधी कधी अख्खा डोंगर उतरून चढणं असतं, हे मी पाहिलं आहे. तरी दंडक आहे, आणि तो मोडला तर तक्रार करायला जागा आहे. अॅरिझोनात असा अंतराचा आकडा मला कुठल्या नियमात सापडला नाही. असायला हवा, आणि तो बसच्या वेळेत मांडलेला असावा असं मला वाटतं.

टूसॉनजवळच्या पास्क्वा याकी जमातीने नेमकं हेच मांडलं होतं. त्यांच्या वस्तीतलं आगाऊ मतदानाचं केंद्र 2018 मध्ये बंद झालं. सगळ्यात जवळच्या दुसऱ्या केंद्रावर बसने जाऊन यायला दोन तासांच्या वर लागतात, असं दाखवून ते 2020 मध्ये न्यायालयात गेले. त्या निवडणुकीपुरता दिलासा मिळाला नाही. केंद्र नंतर परत आलं. त्याच 2020 च्या ऑक्टोबरात नावाहो भूमीवर अॅली यंग या तरुणीने घोडेस्वारांना घेऊन केंद्रावर जाऊन मतं दिली. ते छायाचित्र देशभर गाजलं. त्या मुलखात केंद्र आणि टपालपेटी दोन्ही मैलोगणती लांब असतात आणि रस्ते कच्चे.

आमच्या चँडलरच्या नैर्ऋत्येला तर हिला रिव्हर या मूलनिवासी समाजाची हद्द लागूनच आहे. तिथल्या दोघांनी 1928 साली मतदार नोंदणी मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तुम्ही सरकारच्या पालकत्वाखाली आहात म्हणून नाही म्हटलं. त्याच जमातीतले आयरा हेझ 1945 साली इवो जिमावर झेंडा उभारणाऱ्यांत होते; घरी परतल्यावर त्यांना अॅरिझोनात मत नव्हतं. फोर्ट मॅकडॉवेल या मूलनिवासी वस्तीतले फ्रँक हॅरिसन आणि हॅरी ऑस्टिन मेरिकोपा काउंटीच्या कचेरीत नोंदणीला गेले, परत पाठवले गेले, खटला लढले आणि 15 जुलै 1948 ला जिंकले. माझी नोंदणी याच काउंटीच्या कचेरीने केली. ती ज्या लोकांनी लढून उघडली, त्यांच्या नातवंडांना आजही केंद्रापर्यंतच्या वाटेसाठी भांडावं लागतं, हे मला बोचतं.

कुठल्याही केंद्रावर जा, ही सोयही शेवटी गाडीवाल्यालाच पुरती उपयोगी पडते. 8 नोव्हेंबर 2022 ला काउंटीतल्या डझनावारी केंद्रांवर छपाईयंत्रं फिकट छापू लागली आणि मोजणीयंत्र कागद घेईना. लोकांना सांगण्यात आलं, की थांबा, नाहीतर मतपत्रिका खालच्या बंद पेटीत टाका, ती नंतर मोजली जाईल, नाहीतर दुसऱ्या केंद्रावर जा. बसने आलेल्याला तिसरा मार्ग नव्हताच. अशा वेळी बिनधास्त पेटीत टाकावं. ती मतं मोजली गेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण घाबरून तसंच घरी परतणारी माणसं असतात.

नव्याने नागरिक झालेल्या आणि गाडी नसलेल्या आपल्या लोकांसाठी आणखी थोडं. वाहन परवाना नसेल तर मोटार वाहन खात्याकडून राज्याचं ओळखपत्र काढून ठेवा. केंद्रावर तेच चालतं. ते नसेल तर नाव आणि पत्ता असलेली दोन कागदपत्रं, म्हणजे विजेचं बिल, बँकेचं पत्रक अशी न्यायची. मतदानाच्या दिवसावर विसंबू नका. आगाऊ मतदानाची केंद्रं टप्प्याटप्प्याने उघडतात. तुमच्या बसच्या रस्त्यावरचं जे आधी उघडेल ते गाठा, सकाळच्या पहिल्या बसने. दारापर्यंत जाऊन आत चालवत नसेल तर गाडीपाशी येऊन मत घेण्याची सोय मागता येते. वाचता येत नसेल किंवा हात चालत नसेल तर मदतीला तुमच्या पसंतीचं माणूस आत नेता येतं, मालक किंवा युनियनचा माणूस सोडून. नोकरी करणाऱ्याला कामाच्या आधी किंवा नंतर मतदानासाठी सलग तीन तास मिळत नसतील, तर एकूण तीन तास भरतील एवढा वेळ पगारासह मागण्याचा हक्क राज्याचा कायदा देतो. बसने जाणाऱ्याला हे तीन तास लागतातच.

आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी काउंटी घरी किंवा दवाखान्यात दोन माणसं पाठवते. दोघं वेगवेगळ्या पक्षांचे असतात. ते मतपत्रिका आणतात, थांबतात, बंद करून नेतात. आपल्याकडे 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्यांसाठी आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी 12-ड अर्जावर घरून मतदान होतं, तसंच हे. आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या सासऱ्यांनी गेल्या खेपेला असं मत दिलं. काउंटीला फोन करून ही सोय मागावी लागते, आपण होऊन कुणी येत नाही. त्यामुळे आता यादीवरच्या पेन्सिलीच्या खुणांबरोबर मी फोनवर हेही विचारते, की घरात कुणी अंथरुणावर आहे का, आणि असेल तर काउंटीला फोन कोण करणार.